उणिवांची यादी आणि गुणांची नोंद

पुणे जिल्ह्याच्या अगदी पूर्वेकडील टोकास, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या संगमावर, नरसिंहपूर हे क्षेत्र वसलेले आहे. इंदापूर तालुक्यातील हे गाव श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या मंदिरामुळे महाराष्ट्रातील पुष्कळ घराण्यांच्या परिचयाचे असून, तेथील वाळूची मूर्ती प्रत्यक्ष प्रल्हादाने घडविली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. प्रल्हादाची कथा भक्तीची कथा म्हणून सर्वांस ठाऊक आहे; परंतु भागवतातील ती कथा एका शाळेचीही कथा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शंड आणि अमर्क या दोन गुरूंच्या हाताखाली हा राजपुत्र विद्याभ्यास करीत होता. त्यांनी शिकविलेली राजनीती त्याच्या मनास पटेना. म्हणून गुरूंनी त्यास दोष दिला आणि पित्याने त्याच्यावर कोप केला. तथापि गुरू घरच्या कामात गुंतले असता हाच विद्यार्थी आपल्या सवंगड्यांस भोवती जमवून शिकवीत असे आणि ते त्याचे म्हणणे मन लावून ऐकत असत. या मुलाचे काय चुकते, हे गुरूंना पाठ होते. त्याला काय साधते, याची नोंद मात्र त्यांनी कधी केली नाही.

कथा पुराणातील असली तरी तिच्यातील प्रश्न जुना झालेला नाही. प्रत्येक शाळेत काही मुले अशी असतात, की ज्यांस इतरांहून थोड्या अधिक आधाराची गरज असते. कोणास कमी दिसते, कोणास कमी ऐकू येते, कोणाची जीभ अडखळते, कोणाच्या डोळ्यांपुढे अक्षरांची उलटापालट होते, तर कोणास समजावयास वेळ लागतो. अशा मुलाविषयी शाळेच्या दप्तरात पहिले वाक्य कोणते लिहावयाचे, यावर त्याचे पुढील सारे शिक्षण अवलंबून राहते. या पहिल्या वाक्याला स्वतःचा इतिहास आहे. तो सांगावयाचा तर प्रारंभ इंदापूर तालुक्यातच करणे सोयीचे आहे. कारण पारख कशी चुकते आणि कशी साधते, याचा एक मोठा धडा याच भूमीत, मुलांच्या नव्हे तर शेतांच्या बाबतीत, गिरविला गेला.

पेशवाईचा १८१८ साली अस्त झाल्यावर दख्खनची जमीनमहसुलाची व्यवस्था इंग्रजांच्या हाती आली. १८३० पूर्वीच्या काही वर्षांत प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात पाहणी करून आकारणी बसविली. त्याची पद्धत शास्त्रशुद्ध दिसत होती. जमिनीचे एकूण उत्पन्न किती, त्यातून मशागतीचा खर्च वजा जाता निव्वळ उरते किती, आणि त्या उरलेल्यापैकी शेकडा ५५ सरकारचा वाटा किती, असा तो हिशेब होता. कागदावर हिशेब जुळला. शेतात मात्र जुळला नाही. इंदापूरसारख्या कमी पावसाच्या मुलुखात सारा असह्य झाला, शेते पडीत पडली आणि रयत गावे सोडून जाऊ लागली. तेव्हा १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघा तरुण अधिकाऱ्यांनी याच तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. निव्वळ उत्पन्नाचे गणित बाजूस सारून त्यांनी प्रत्येक शेत वेगळे धरले, आणि या शेताला काय झेपेल, हा प्रश्न मुख्य मानला. सारा हलका झाला, तो ३० वर्षांसाठी कायम करण्यात आला आणि पडीत जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. १८४७ च्या अहवालात या पद्धतीचे नियम घालून देण्यात आले. मातीचा रंग व खोली पाहावी, चुनखड, वाळू, उतार, उपळ इत्यादी दोष हेरावेत, आणि मग आण्यांच्या प्रमाणात जमिनीची प्रत ठरवावी, असे ते नियम होते. मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरलेल्या या व्यवस्थेचा उगम इंदापूर तालुक्यात झाला, ही गोष्ट या भागास भूषणावह आहे.

या इतिहासातून दोन बोध निघतात. पहिला हा, की सरासरीच्या हिशेबावरून केलेली पारख अन्याय करते. ज्याची पारख करावयाची त्याच्यापाशी जाऊन, त्याचेच बळ पाहून ती करावी लागते. दुसरा बोध पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आण्यांची प्रत जमिनीचा सारा ठरविते. त्या जमिनीत काय पेरावे, हे ती सांगत नाही. आठ आणे प्रतीची दोन शेते सारखा सारा देतील. परंतु एक खोलीने कमी म्हणून आठ आण्यांचे असेल, तर दुसरे चुनखडीमुळे. दोन्हींची मशागत एकच करणारा शेतकरी शहाणा ठरणार नाही.

शाळांच्या बाबतीत हा दुसरा बोध समजावयास फार काळ लागला. जुन्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरविणारा आणि मोडी पत्रे वाचणारा शेजारी शेजारी बसत, पुढे गेलेला मागच्यास सांगे, आणि प्रत्येक जण आपापल्या गतीने पुढे सरके. या शाळेचे गुणगान फार करण्याचे कारण नाही. तिची छडी कठोर होती, आणि मुली व कित्येक जातींची मुले यांना तिचे दार बंद होते. परंतु वर्षाच्या शेवटी अमुक इतके आलेच पाहिजे, आणि न आल्यास तो विद्यार्थी नापास, ही कल्पना तिच्यात नव्हती. ती कल्पना इयत्तांबरोबर आणि वार्षिक परीक्षेबरोबर आली. इंग्लंडात १८६२ पासून शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर देण्याची प्रथा पडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातही ती चालू झाली. इन्स्पेक्टरपुढे जितकी मुले उत्तीर्ण, तितका पैसा, असा व्यवहार एकदा ठरल्यावर मागे पडणारे मूल हे शाळेला नुकसानीचे कलम वाटू लागले, यात नवल नाही. निकालाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे एक शब्द लिहिला की त्याच्याविषयीचे दप्तर पुरे होत असे.

अशा मुलांकडे आस्थेने पाहण्याचा एक मोठा प्रयत्न पॅरिस शहरात झाला. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने, सामान्य वर्गात ज्यांना शिकता येत नाही अशा मुलांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. त्या समितीवरील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने याने डॉक्टर सिमों याच्या साहाय्याने १९०५ साली ३० कसोट्यांची एक मालिका तयार केली. कोणत्या मुलास विशेष मदत हवी आहे, हे शिक्षकाच्या लहरीवर न सोडता नीट ओळखता यावे, एवढाच तिचा हेतू होता. बिनेची दृष्टी किती उदार होती, हे त्याच्या १९०९ सालच्या ग्रंथावरून दिसते. मुलाची बुद्धी जन्मतः ठरलेली असून ती वाढविता येत नाही, या मताचा त्याने तेथे कडक निषेध केला आहे. अशा मुलांच्या वर्गात लक्ष एकाग्र करण्याचे व्यायाम, पुतळ्यासारखे निश्चल राहण्याचे खेळ इत्यादी उपाय त्याने सुचविले. त्याच्या दृष्टीने कसोटी हा उपचाराचा आरंभ होता.

पुढे घडले ते निराळे. १९१२ साली जर्मनीत स्टर्न याने मुलाच्या मानसिक वयाला त्याच्या प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती काढली, आणि १९१६ साली अमेरिकेत टर्मन याने त्या भागाकारास शंभराने गुणून बुद्ध्यंक हा आकडा रूढ केला. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ भरले तर त्याचा बुद्ध्यंक ८० होतो. हिशेब सुटसुटीत होता, म्हणूनच तो लोकप्रिय झाला. आणि बिनेने ज्याची भीती बाळगली होती तेच झाले. आकडा हीच मुलाची ओळख ठरली. ८० बुद्ध्यंकाची दोन मुले ही आठ आण्यांच्या दोन शेतांसारखी असतात, हे ध्यानात कोण घेतो? एकाला शब्द आठवत नाहीत, तर दुसऱ्याला आकृती जुळवता येत नाहीत. पण शेरा दोघांवर एकच बसतो.

महाराष्ट्रात हे शास्त्र आणण्याचे श्रेय डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे आहे. परदेशी मुलांसाठी रचलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारणे अन्यायाचे आहे, हे ओळखून त्यांनी मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या कसोट्यांची नवी मांडणी केली, आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढेही अनेक ठिकाणी वापरात राहिली आहे. मुलाची परीक्षा त्याच्या भाषेत आणि त्याच्या परिचयाच्या वस्तूंनी घ्यावी, हा त्यांनी घालून दिलेला धडा मोलाचा आहे. परंतु या कसोटीतूनही शेवटी जो आकडा निघतो, तो मुलाची प्रत सांगतो. पेरावे काय, ते सांगत नाही.

पेरावे काय, याचा शोध ज्यांनी घेतला, त्यांत शिक्षणतज्ज्ञांइतक्याच आया होत्या. मुंबईत जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने, डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी योग्य शाळा मिळेना, म्हणून १९४४ साली स्वतःच शाळा काढली. पुण्यात १९६४ साली कामायनी ही संस्था निघाली. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत कुलाब्यास मेंदूच्या पक्षाघाताने बाधित झालेल्या अवघ्या तीन मुलांना घेऊन शाळा सुरू केली. त्यांची कन्या मालिनी चिब हिचे हातपाय आणि वाचा तिच्या इच्छेप्रमाणे चालत नसत. परंतु एक करंगळी चालत असे. त्या करंगळीने यंत्राच्या कळा दाबून तिने उच्च शिक्षण पुरे केले आणि आत्मचरित्र लिहिले. त्या ग्रंथाचे नावही एक लहानशी करंगळी असेच आहे. हात चालत नाहीत, एवढेच लिहून लेखणी खाली ठेवणाऱ्या शिक्षकास ती करंगळी दिसली नसती.

हीच दृष्टी व्यवसायोपचाराच्या शास्त्राने रुग्णालयांतून आणली. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे देशातील पहिले विद्यालय उभे केले. काय गेले, हे डॉक्टरने सांगितल्यावर काय उरले आणि त्याच्या बळावर रोजचे कोणते काम साधेल, हे पाहणे हा या शास्त्राचा गाभा आहे. नीरेच्याच खोऱ्यात, फलटण येथे, कमलाबाईंच्या नावाने एक मराठी शाळा चालते.

मद्रासेत विशेष शिक्षणाचे कार्य करणाऱ्या जयचंद्रन आणि विमला यांनी या विचारास कागदावरचे निश्चित रूप दिले. त्यांच्या मूल्यमापनपद्धतीत जीवनव्यवहाराची १८ क्षेत्रे असून प्रत्येकात २० अशी ३६० कौशल्ये सोप्यापासून कठीणाकडे मांडलेली आहेत. जेवणे, कपडे घालणे, बोलणे, वाचणे, पैशाचा व्यवहार, वेळ ओळखणे अशी ती क्षेत्रे आहेत. विशेष हे, की प्रत्येक वाक्य होकारार्थी आहे. मूल अमुक करते, असे वाक्य लिहून ते साधते की अद्याप साधत नाही, एवढीच खूण करावयाची. आणि दोन रंगांनी भरलेल्या त्या तक्त्यावर मूल कोठवर आले आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. जेथे साधलेल्याची सीमा संपते, तेथूनच उद्याचा पाठ सुरू होतो. दर तिमाहीस तक्ता पुन्हा पाहावयाचा असतो.

परदेशातही वारे याच दिशेने वाहू लागले होते. इंग्लंडात १९४४ च्या कायद्यानंतर अपंग मुलांचे अकरा वर्ग पाडले गेले होते, आणि काही मुलांना तर १९७१ पर्यंत शिक्षणास अपात्र म्हणून शाळेबाहेरच ठेवले जात असे. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९७८ साली हे वर्ग मोडावेत अशी शिफारस केली, आणि दर पाच मुलांपैकी एकास तरी शालेय जीवनात केव्हा ना केव्हा विशेष मदत लागते, असे दाखवून दिले. स्कॉटलंडने २००४ च्या कायद्यात अधिक आधाराची गरज असा शब्दप्रयोग स्वीकारला. मुलात व्यंग किती, हा प्रश्न मागे पडून त्याला आधार कोणता द्यावा, हा प्रश्न पुढे आला.

गुणांची नोंद म्हणजे प्रत्यक्षात काय, हे उदाहरणावाचून स्पष्ट होणार नाही. नरसिंहपुरात देवळाबाहेर नारळफुलांचे दुकान असलेल्या घरातील चौथीचा एक मुलगा कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. त्याच्याविषयी एका कागदावर लिहिले आहे : वाचन येत नाही, अक्षरे उलटी काढतो, लक्ष नाही. तिन्ही वाक्ये खरी असतील. पण ती वाचून सोमवारी सकाळी काय करावे, हे शिक्षकास कळत नाही. दुसऱ्या कागदावर असे आहे : शंभर रुपयांपर्यंतची मोड तोंडी हिशेब करून अचूक देतो. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी क्रमाने सांगतो. पुढच्या बाकावर, मोठ्या अक्षरांत, एका वेळी एकच ओळ दाखविली तर ओळखीचे शब्द वाचतो. लहान मुलांना खेळाचे नियम समजावून देतो. फळ्यावरून उतरवून घेताना आणि जोडाक्षरांपाशी अडतो. पुढचे पाऊल, दुकानातील वस्तूंची नावे व भाव यांच्या पाट्या त्याच्याकडून करवून घेणे. हा कागद वाचणाऱ्या परक्या शिक्षकासही काम कोठून धरावयाचे, ते समजते.

या दुसऱ्या कागदात अडचण लपविलेली नाही, हे मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवे. गुणांची नोंद म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. मुलगा गोड आहे, चित्रे छान काढतो, असे लिहिण्याने आईबापांना बरे वाटेल, परंतु मुलास वाचता येणार नाही. जे सामर्थ्य लिहावयाचे ते पाहिलेले असावे, कोणत्या परिस्थितीत व कोणत्या आधाराने दिसले तेही लिहावे, आणि त्याचा उपयोग अडलेल्या ठिकाणी कसा होईल हे सांगावे. ही पाहणी एकट्या शिक्षकाच्या हातून पुरी होत नाही. दुकानातील हिशेब बापाने पाहिलेला असतो, गोष्ट आजीने ऐकलेली असते, आणि काय सोपे जाते ते पुष्कळदा मूल स्वतःच सांगते. फक्त त्याला कोणी विचारलेले नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. व्यंगाचे नाव घेतल्यावाचून मुलास हक्काची मदत मिळत नाही, मग ते मागे कसे ठेवावे? आक्षेप खरा आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या व्यंगांना मान्यता दिली. या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते, आणि त्यात उणीवच लिहावी लागते. परंतु प्रमाणपत्राचे काम मुलास दार उघडून देण्याचे; दारातून आत आल्यावर कोठे बसवावे आणि काय शिकवावे, हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे. दोन्ही कागद हवेत. चूक होते ती पहिल्यालाच दुसऱ्याची जागा दिल्याने.

शिवाय चांगली योजनाही आळसाने निष्प्राण होते, हे महाराष्ट्राने अनुभविले आहे. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, आणि प्रगतिपुस्तकात विशेष प्रगती, आवड किंवा छंद व सुधारणा आवश्यक, अशा वर्णनात्मक नोंदींसाठी जागा ठेवण्यात आली. कल्पना उत्तम होती. परंतु थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, आणि कित्येक वर्गांतून चाळीस मुलांच्या नावापुढे त्याच दहा वाक्यांची फिरवाफिरव होऊ लागली. दोष सर्वस्वी शिक्षकांचा म्हणता येणार नाही; भरावयाचे तक्ते पुष्कळ आणि मुलाकडे निवांत पाहावयास सवड थोडी, हेही त्याचे कारण होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुलाच्या सर्व अंगांचे दर्शन घडविणाऱ्या प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली असून, त्यात मुलाने स्वतःविषयी व सोबत्यांनी त्याच्याविषयी दिलेल्या अभिप्रायांसही स्थान दिले आहे. तिचे भवितव्य छापील तक्त्यावर नव्हे, तर प्रत्येक मुलाकडे दहा मिनिटे लक्षपूर्वक पाहणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. प्रिंगलचे तक्ते गोल्डस्मिडच्या तक्त्यांहून कमी सुबक नव्हते. फरक शेताच्या बांधावर उभे राहण्यात होता.

मात्र शेताची उपमा एका ठिकाणी सोडून द्यावी लागते. १८३६ साली ठरलेली आकारणी तीस वर्षे टिकली, कारण जमीन तीस वर्षांत फारशी बदलत नाही. मूल तीन महिन्यांत बदलते. म्हणून त्याच्याविषयीचे कोणतेही वाक्य, चांगले असो वा वाईट, तीस वर्षांच्या मुदतीचे असता कामा नये. त्यावर तारीख असावी आणि ते खोडण्याची तयारी असावी. आणि जमिनीविषयीसुद्धा शेवटचा शब्द कोण बोलू शकला आहे? इंदापूर तालुक्यातील ज्या हलक्या मुरमाड रानांना ज्वारी-बाजरीच्या हिशेबाने हलकी प्रत मिळत असे, तशा रानांत आज डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. डाळिंबाला भारी काळ्या मातीपेक्षा निचऱ्याची हलकी जमीनच अधिक मानवते. तिला हवे असते ते मुळाशी बेताचे पाणी. जमिनीत गुण होताच. तिला मानवणारे पीक कोणते, हे पाहणारा आणि मुळाशी पाणी नेणारा माणूस तेवढा भेटावयाचा होता.